चकमकीच्या बंदुकीची ‘चालू स्थिती’ : शिरूर–दौंड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठेशाहीच्या लष्करी इतिहासात किल्ले, घोडदळ आणि तोफखाना यांचा जितका अभ्यास झाला, तितका पायदळाच्या हातातील बंदुकीचा झालेला नाही. बखरी व पत्रव्यवहार यांत बंदुकीचा उल्लेख येतो तो बहुधा संख्येने. ती कशी पेटत असे, कशामुळे बंद पडत असे आणि तिची डागडुजी कोण करीत असे, याविषयी कागद फारसे बोलत नाहीत. त्यामुळे जुन्या वाड्याच्या माळ्यावरून किंवा एखाद्या घराण्याच्या संग्रहातून ठासणीची बंदूक बाहेर येते, तेव्हा तीच स्वतःविषयीचा प्रमुख पुरावा असते. अशी बंदूक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे पाहण्यासाठी आली की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो : ही पुन्हा चालू होईल का?

तांत्रिकदृष्ट्या या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘होय’ असे देता येते. परंतु ‘चालू स्थिती’ हा शब्दप्रयोग जितका सरळ वाटतो तितका तो नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरच्या छावणीत जी बंदूक चालू होती, ती केवळ तिच्या लोखंडी भागांमुळे चालू नव्हती. हा मुद्दा शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे आणि त्यावरून अशा बंदुकीच्या दुरुस्तीविषयी कोणती भूमिका घ्यावी हे ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गार, पोलाद आणि रंजक

तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा रंजकीला टेकविला जाई. चकमकीच्या बंदुकीत तोडा नसतो. घोड्याच्या जबड्यात कातड्याच्या किंवा शिशाच्या तुकड्यात गुंडाळलेली गार घट्ट आवळलेली असते. चाप ओढला की आतील कमान सुटते, घोडा पुढे झेपावतो आणि गार समोरच्या उभ्या पोलादी झडपेवर घासली जाते. त्याच आघाताने झडप मागे पडून खालची रंजकीची वाटी उघडी होते आणि ठिणग्या तीत पडतात. रंजक पेटते, तिची ज्वाळा नळीच्या कानातून आत शिरते आणि बार उडतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ठिणगी गारेची नसते, पोलादाची असते. गारेची तीक्ष्ण धार पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढते आणि ते कण हवेत जळतात. म्हणून झडप कठीण, कर्बयुक्त पोलादाची असावी लागते. ती मऊ पडली तर गार कितीही उत्तम असली तरी ठिणगी पडत नाही. आणि गार बोथट झाली तर झडप कितीही उत्तम असून उपयोग होत नाही. एक गार साधारणपणे वीस-तीस बार टिके. त्यानंतर तिला नवी धार काढावी लागे किंवा ती बदलावी लागे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यात सोरा सुमारे तीन चतुर्थांश असतो. ही दारू जळाल्यावर मागे पुष्कळ राख राहते, ती हवेतील ओल ओढून घेते आणि लोखंड गंजविते. थोडक्यात, प्रत्येक बार बंदुकीला थोडी थोडी बंद पाडीत असे.

हे यंत्र फारसे खात्रीचे नव्हतेच. १८३४ मध्ये इंग्लंडमधील वुलविच येथे चकमकीची बंदूक आणि नवी टोपीची बंदूक यांची तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. प्रत्येकी ६,००० बारांपैकी चकमकीच्या बंदुकीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीच्या बंदुकीचे केवळ ३६. शांत मैदानावर, निवडक दारू वापरून हे प्रमाण साडेसहांमागे एक इतके येत असेल, तर पावसात किंवा धुळीत ते काय असेल याची कल्पना करता येते.

शिरूरची छावणी

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या राज्यात कंपनीची तैनाती फौज आली. पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर घोड नदीच्या काठी असलेले शिरूर हे तिचे प्रमुख ठाणे झाले. आजही या गावाला ‘घोडनदी’ हे जोडनाव आहे. या फौजेचा एक अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूर येथे मरण पावला. त्याच्या थडग्याला स्थानिक लोक ‘सत्पुरुष’ म्हणून मान देऊ लागले, अशी नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. छावणी आणि गाव यांचे संबंध केवळ भीतीचे नव्हते, हे यावरून दिसते. तो विषय मात्र स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

कंपनीच्या देशी पायदळाच्या हातात ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने ओळखली जाणारी चकमकीची बंदूक असे. तिची नळी ३९ इंच लांब, तोंड पाऊण इंचाचे आणि वजन सुमारे साडेचार किलो होते. कंपनीच्या मालकीची खूण कळपट्टीवर, म्हणजे चकमकीचे यंत्र ज्या लोखंडी पट्टीवर बसविलेले असते तिच्यावर, कोरलेली असे. आधी ही खूण बदामाच्या आकाराची होती; १८०८ पासून तिच्या जागी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. जुनी बंदूक हाती आली असता हा एक तपशील तिचा काळ ठरविण्यास कधी कधी पुरेसा होतो.

परंतु छावणीचे वैशिष्ट्य बंदुकीच्या नमुन्यात नव्हते. शिपायांच्या हातात बंदूक होती तशी तिच्या पाठीशी एक अखंड साखळी होती. इंग्लंडमधील ब्रँडन या गावी खाणीतून काढून, ठरावीक मापात फोडून तयार केलेल्या गारा, कागदी काडतुसे, कमान तुटली तर नवी बसविणारा शस्त्रकारागीर, आणि भरण्याच्या प्रत्येक क्रियेची रोजची कवायत. सराईत शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढू शके. या साखळीतील एक कडी तुटली, तरी बंदूक संगीन लावलेला भाला होई.

मराठ्यांना हे तंत्र अपरिचित होते असे मात्र नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे पायदळ चकमकीच्या बंदुकांनी लढले. महादजी शिंद्यांनी द बॉयन याच्या देखरेखीखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने मेजर फोर्ड याच्या हाताखाली दापोडी येथे एक ब्रिगेड ठेवण्यात आली होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत ती इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. पेशव्यांनी बंदुका मिळविल्या होत्या, कवायतही मिळविली होती. परंतु ती चालू ठेवणारी व्यवस्था त्यांच्या ताब्यात नव्हती. शस्त्रांच्या इतिहासात या भेदाकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

१ जानेवारी १८१८

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याची तुकडी पुण्याच्या रक्षणासाठी शिरूरहून निघाली. तीत मुंबईच्या पहिल्या देशी पायदळ रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई, सुमारे २५० स्वार, मद्रास तोफखान्याचे दोन डझन गोलंदाज आणि दोन तोफा होत्या. सुमारे ४० किलोमीटरची मजल मारून ती सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोहोचली आणि समोर पेशव्यांची फौज पाहून गावात शिरली. आजचे कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातच येते. पेशव्यांकडून अरब, गोसावी व कवायती पायदळाच्या तुकड्या गावावर चालून गेल्या. गल्ल्यांमधून आणि घरांतून रात्री नऊच्या सुमारापर्यंत लढाई चालली.

या लढाईचे सामाजिक महत्त्व सर्वश्रुत आहे. पलटणीतील महार शिपायांचे शौर्य, भीमेपलीकडे पेरणे येथे उभारलेला स्तंभ व त्यावरील नावे, १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दिलेली भेट आणि १ जानेवारी २०१८ रोजी तेथे उसळलेला हिंसाचार यांमुळे हे स्थळ वर्तमानाशी घट्ट जोडलेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्या शिपायांच्या हातातील वस्तूचा. त्यांचे शौर्य किती कठीण परिस्थितीतील होते, हे वस्तूच्या बाजूने पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

प्रत्येक शिपायाजवळ ६० काडतुसे होती असे धरले, तर ५०० शिपायांची मिळून ३०,००० होतात. एक गार वीस बार टिकते असे मानल्यास माणशी तीन, म्हणजे एकूण १,५०० गारा लागतात. हा केवळ ढोबळ हिशेब आहे. परंतु दिवसभराच्या लढाईत गार बदलणे, जबड्याचा स्क्रू पुन्हा आवळणे, कान टोचून मोकळा करणे ही कामे प्रत्येक शिपायाला गल्लीच्या तोंडावर, शत्रू काही पावलांवर असताना, पुन्हा पुन्हा करावी लागली असली पाहिजेत. दुसरी बाब पाण्याची. तुकडीला रात्रीपर्यंत पाणी मिळाले नाही, हे सर्व वृत्तांतांत येते आणि ते तहानेच्या संदर्भात सांगितले जाते. पण पाणी हे बंदुकीलाही लागते. राख साचलेली नळी धुण्याचे दुसरे साधन नव्हते. दहा-बारा तास न धुतलेल्या नळीत गज उतरत नाही, गोळी अडते, फुकट जाणारे बार वाढतात. रात्र चालून आलेल्या, उपाशी व तहानलेल्या शिपायांनी अशा हळूहळू बंद पडत जाणाऱ्या बंदुकांनी आणि संगिनींनी गाव राखले.

समोरच्या अरबांजवळ मुख्यतः तोड्याच्या लांब बंदुका होत्या. त्यांचा पल्ला आणि नेम कंपनीच्या बंदुकीहून सरस असू शके, मात्र भरण्यास वेळ लागे आणि गल्लीतील झटापटीत जळता तोडा सांभाळणे अवघड होते. या लढाईत स्टाँटनच्या तुकडीतील ठार, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे २७५ माणसे कामी आली. पेशव्यांची फौज निघून गेल्यावर तुकडी पुण्याला गेली नाही, ती शिरूरला परतली. जेथे दारू, गारा आणि औषधोपचार होते, तेथेच तिला जाणे भाग होते.

गावातील बंदूक

छावणीतील बंदूक आणि गावातील बंदूक यांत पुढील काळात मोठे अंतर पडले. तोड्याची बंदूक गावचा लोहार दुरुस्त करू शके. तिला कमान नको, घडीव स्क्रू नको, कठीण पोलादाची झडप नको. त्यामुळे युरोपातून ती जवळपास नाहीशी झाल्यावरही भारतात दीर्घकाळ वापरात राहिली. हे मागासलेपण नव्हते. जे दुरुस्त करता येते तेच बाळगावे, हा व्यवहार होता. १८४० च्या दशकात लष्करात टोपीची बंदूक आली तेव्हा अनेक चकमकीच्या बंदुकांचे घोडे बदलून, रंजकीची वाटी काढून, त्या टोपीवर चालणाऱ्या केल्या गेल्या. अशा फेरफारांच्या खुणा आज त्या बंदुकांवर दिसतात आणि त्या खुणा म्हणजेच त्यांचा इतिहास होय.

आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडत असे. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो केडगाव व शिरूर तालुक्यातील गावांपर्यंत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध असलेल्या या उठावात शेतकऱ्यांचे लक्ष्य कर्जरोखे आणि वह्या हे होते. रोखे जाळले गेले, माणसे मारली जाण्याचे प्रकार फारच थोडे. लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे देशभर गुन्हा ठरले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या टोळीने शिरूर तालुक्यातील धामारी येथे छापा घातला. सशस्त्र बंडाला लागणारी साधने जमविण्यासाठी पैसा हवा, म्हणून हा मार्ग होता. साठ वर्षांपूर्वी ज्या शिरूरमध्ये शेकडो बंदुका रोज साफ होत होत्या, त्याच तालुक्यात बंदूक ही आता मिळवावी लागणारी, लपवावी लागणारी वस्तू झाली होती. वाड्यातील बंदुकांना गंज चढला तो केवळ दुर्लक्षामुळे नव्हे. कायद्यानेही तो चढविला.

दुरुस्ती : काय साधते, काय हरवते

चकमकीच्या बंदुकीच्या दुरुस्तीचा क्रम जाणकारांना ठाऊक आहे. प्रथम नळी भरलेली नाही ना, हे पाहिले जाते. नळीत लाकडी काठी टोकापर्यंत घालून तिचे माप बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडले, तर आत बार अडकलेला आहे की नाही हे कळते. ही काळजी अनाठायी नाही. काळी दारू कोरडी राहिल्यास शतकानंतरही पेटू शकते आणि भरलेल्या स्थितीत ठेवून दिलेल्या बंदुका आढळतात. अशी शंका येताच पुढील काम थांबवून पोलिसांना कळविणे, हाच योग्य मार्ग.

त्यानंतर खरी अडचण सुरू होते. कमान तुटलेली असेल तर नवी घडवून तिला पाणी पाजावे लागते. झडपेचा पृष्ठभाग झिजलेला असेल तर त्यावर नवे पोलाद बसवावे लागते किंवा कोळशाच्या भुकटीत तापवून तो कठीण करावा लागतो. या उष्णतेने त्यावरील मूळ पोत नाहीसा होतो. घोडा अर्धा चढवून थांबविणारी खाच झिजली असेल तर ती कानशीने नव्याने काढावी लागते, अन्यथा बंदूक हातातच उडण्याचा धोका असतो. कान झिजून मोठा झालेला असेल तर त्यात नवी नळकांडी बसवितात. स्क्रू हाताने कातलेले असल्यामुळे एकाचा दुसऱ्यास बसत नाही. शेवटी नळी. ती लोखंडी पट्टा गुंडाळून, सांधा ठोकून केलेली असते. सांध्यातील चीर आणि आतील गंज बाहेरून दिसत नाहीत. अशा नळीत पूर्ण बार भरणे म्हणजे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर स्फोटाचा धोका पत्करणे होय.

एवढे करून जी वस्तू तयार होते तिच्यात कमान नवी, झडप नवी, कान नवा, खाच नवी. ती चालते, पण ती १८१८ ची राहत नाही. झडपेवरील झीज त्या बंदुकीने किती बार काढले असतील याचा अंदाज देते. दस्त्यावरील दुरुस्ती कोठे झाली, हे लाकूड सांगते : मूळ अक्रोडाच्या दस्त्याला शिसवाचा तुकडा जोडलेला असेल, तर तो सुतार बहुधा देशी होता. टोपीवर चालणारी केलेली बंदूक ‘मूळ रूपात’ आणण्यासाठी तिला पुन्हा चकमक बसविणे हा तर सरळसरळ पुराव्यातील फेरबदल होय. २००३ मध्ये काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यातील शस्त्रागारातून हजारो पुरातन शस्त्रे अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यानंतर कंपनीच्या पद्धतीच्या चकमकीच्या बंदुका, त्यांतल्या अनेक नेपाळी बनावटीच्या, साफ करून व सुटे भाग बसवून जगभरच्या संग्राहकांकडे गेल्या. त्यांतील कोणती कोठे घडली आणि कोणाच्या हातात होती, हे सांगणाऱ्या खुणा या वाटेत किती टिकल्या असतील, हा प्रश्न संशोधकांनी विचारला पाहिजे.

कायद्याचा विचारही याच दिशेने नेतो. भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे. मात्र ते दुरुस्ती करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी अट आहे. ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जी बंदूक थोड्या कामाने चालू होईल ती या सुटीत बसतेच असे नाही, आणि चालू केलेली तर नाहीच. बंदुकीची दुरुस्ती व चाचणी यांचा धंदा करण्यासही याच अधिनियमानुसार परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी असल्याने ती १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते. ब्रिटनमध्ये जुनी बंदूक केवळ कुतूहलाची अथवा शोभेची वस्तू म्हणून ठेवल्यास सूट मिळते, बार काढावयाचा असल्यास प्रमाणपत्र लागते; अमेरिकेत १८९८ वा तत्पूर्वीच्या बनावटीच्या शस्त्रांना केंद्रीय कायद्यात बरीच मोकळीक आहे. त्या देशांतील उदाहरणे पाहून येथे उत्साहाने कामाला लागणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

याचा अर्थ बंदूक गंजत ठेवावी असा नव्हे. सैल गंज हलक्या हाताने काढणे, टॅनिक आम्लाने उरलेला गंज स्थिर करणे, मेणाचा पातळ थर देणे, दस्त्यातील कीड थांबविणे आणि प्रत्येक भागाचे माप, वजन व छायाचित्र नोंदविणे, हे काम वस्तुसंग्रहालयाच्या तज्ज्ञांच्या मदतीने महाविद्यालयांनाही करता येण्याजोगे आहे. यंत्राची क्रिया विद्यार्थ्यांना दाखवावयाची असेल तर लाकडाची मोठी प्रतिकृती पुरते. ठिणगी दाखवावयाची असेल तर पूर्वी घरोघरी असणारी चकमक आणि कापूस पुरतो.

आणि एक बाब दुरुस्तीच्या घाईत नेहमी हरवते. घोड्याच्या जबड्यात शेवटची गार पुष्कळदा तशीच अडकलेली असते. साफसफाई करणारा ती पहिल्यांदा काढून टाकतो. ब्रँडनची गार चुनखडीत तयार झालेली, काळपट आणि एकजीव असते. घोड नदीच्या पात्रात सापडणारी गार दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेली, अर्धपारदर्शक, राखी किंवा तांबूस असते. याच दगडापासून शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात पाती काढली. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तशी हजारो पाती मिळाली आहेत. कठीणपणात दोन्ही दगड जवळपास सारखे आहेत, पोलादावर दोन्ही ठिणगी पाडतात. म्हणून जबड्यातील तो नखाएवढा तुकडा कोणत्या प्रकारचा आहे, यावरून ती बंदूक शेवटची भरली गेली तेव्हा छावणीच्या कोठारातून पुरविली जात होती की नदीच्या पात्रातून, हे ठरू शकते. तो तुकडा त्याच्या कातड्यासह जागच्या जागी ठेवून मगच पुढील नोंदी कराव्यात.